सरांचा लाइनआउट

परदेशात मराठी माणसाच्या घरी कोणी आलं, की चपला काढायच्या आत विचारतात, "चहा टाकते ना?" हा प्रश्न नसतो, नुसती सूचना असते. या सूचनेला "नको" म्हणणारा आणि वर "पण कपबशी द्या" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे सर. कपात गरम पाणी, तेही बिनसाखरेचं. मग सर ते पाणी बशीत ओतणार, फुंकर घालणार, भुरका मारणार आणि "वा!" म्हणणार. आमच्या मस्कतमधल्या अल् घुब्राच्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा आले, तेव्हा सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "याचं सगळं ठीक आहे ना गं? घरी कोण बघतं याच्याकडे?"

सगळं ठीक होतं. सर मॉर्मन होते. त्या लोकांत चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. दारू-तंबाखूशिवाय राहणारे आपल्यात ढिगाने सापडतील, पण पुण्याचा माणूस आणि चहा नाही, हे आमच्या गोटात कोणाला पचलं नाही. सर धर्म बदललेला माणूस म्हणून नव्हे, तर चहा न पिणारा माणूस म्हणून मस्कतभर प्रसिद्ध होते.

रुवीतल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ते स्ट्रक्चरल इंजिनियर होते आणि मी त्यांच्या हाताखाली ड्रॉइंगं काढायची. सगळं ऑफिस त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सर म्हणते. आमचा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, तर त्यांच्या नावापुढे दोनदा सर लावायचा. काम चोख, स्वभाव तिरसट, आणि हसणं असं की समोरच्याला कळायच्या आत संपलेलं.

धर्माविषयी मात्र ते तोंड उघडायचे नाहीत. इथे ज्याने त्याने आपली प्रार्थना नेमलेल्या जागी करावी, त्याला कोणाची ना नाही, पण दुसऱ्याला जाऊन शिकवू नये असा कायदा आहे. सरांनी तो कायदा इतका मनावर घेतला होता, की विचारल्याशिवाय सांगायचं नाही आणि विचारलं त्याच्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही.

"सर, मॉर्मन म्हणजे ख्रिश्चनच ना?"

"तू विचारलंस म्हणून सांगतो. हो."

संपलं. पुन्हा मान ड्रॉइंगमध्ये. दुसऱ्या कोणाकडून अर्ध्या तासात कळली असती ती माहिती मला सरांकडून गोळा करायला काही वर्षं लागली. तरुणपणी ते बंगळूरला एका साइटवर होते, तिथे पांढरा शर्ट आणि टाय घातलेली दोन परदेशी पोरं पत्ता विचारत आली, आणि पत्ता सांगता सांगता सर त्यांच्याशी वाद घालत बसले. तो वाद म्हणे कित्येक महिने चालला. शेवटी सर हरले. माझ्या माहितीत सर हरलेला तो एकच वाद.

"घरी आले आणि म्हणाले, मी आजपासून चहा सोडला," काकू सांगायच्या. काकू म्हणजे सरांच्या बायको. "मला वाटलं, ॲसिडिटी वाढली असेल. म्हटलं, बरं झालं. धर्माचं मला आठवड्याने कळलं!"

महिन्यातून एकदा सरांचा उपास असायचा. हे कळल्यावर मी काय करावं? कोणतीही मराठी बाई करेल तेच केलं. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हाताने, वर खोबरं-कोथिंबीर, सोबत उपासाचं लिंबाचं लोणचं. डबा घेऊन दार्सैतला त्यांच्या घरी गेले. सरांनी डबा उघडला, वास घेतला आणि मिटला.

"अगं, उपास आहे."

"म्हणूनच आणलीय सर. उपासाचीच आहे."

"आमच्या उपासाला काही खात नाहीत. पाणीसुद्धा नाही."

"मग वरीचे तांदूळ?" माझ्या तोंडून गेलं. काकू आतल्या खोलीत इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सरांनी डबा ठेवून घेतला. संध्याकाळी उपास सोडताना प्रार्थनेनंतर पहिला घास खिचडीचा खाल्ला, असं काकूंनी फोन करून कळवलं. त्यानंतर दर महिन्याला माझी खिचडी जायची आणि सूर्य कलेपर्यंत त्यांच्या टेबलावर झाकून राहायची.

सरांचा खरा छंद पणज्यांचा. त्यांच्या पंथात मेलेल्या पूर्वजांची नावं शोधून मंदिरात न्यायची असतात. मंदिर म्हणजे त्यांचं दर आठवड्याचं प्रार्थनाघर नव्हे. ते वेगळं. मंदिरं जगात मोजक्या ठिकाणी आहेत. तिथे जिवंत माणूस पूर्वजाच्या वतीने विधी करतो, आणि तो मान्य करायचा की नाही हे तो पूर्वज वर बसून ठरवतो, अशी त्यांची श्रद्धा. सर एकदाच, खूप वर्षांपूर्वी, हाँगकाँगच्या मंदिरात जाऊन आले होते. तेव्हापासून नावं जमवत होते. पण आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव जातं, पूर्वी तर पहिलं नावही जायचं. पणजोबा सापडायचे, त्यांचे पणजोबाही सापडायचे, बायका सापडायच्या नाहीत. सर चिडायचे. ऑफिसात नवा मराठी माणूस आला की त्याला पगार किंवा गाव विचारायच्या आधी विचारायचे, "तुमच्या पणजीचं माहेरचं नाव काय?" बिचारा घाबरायचा. मलाही विचारलं होतं. मी आईला फोन लावला, आईने मामाला लावला, आणि अख्ख्या घराण्यात कोणालाच माहीत नव्हतं. मला त्या दिवशी खरोखर लाज वाटली.

काकू मूळच्या गुहागरच्या. त्यांनी धर्म बदलला नाही. सरांनी कधी बदल म्हटलंही नाही. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मॉर्मन मंडळींची रविवारची प्रार्थनाही शुक्रवारी. सकाळी सर टाय लावून गाडी काढायचे, आधी काकूंना दार्सैतच्या कृष्णमंदिराशी सोडायचे, त्यांचं दर्शन होईपर्यंत बाहेर एसी चालू ठेवून बसायचे, त्यांना घरी पोचवायचे आणि मग आपल्या प्रार्थनेला जायचे. घर देवळापासून चालत पाच मिनिटांवर होतं. मी एकदा म्हटलं, "काकू, चालत जाल की." तर काकू म्हणाल्या, "मग त्यांच्या टायचं कौतुक कोण करणार?"

सुरुवातीला सरांची ती मंडळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात मावायची. मग फिलिपिनो नर्स आल्या, आफ्रिकेतली काही कुटुंबं आली, आपल्याकडचे तेलुगू-तमिळ लोक आले, आणि खुर्च्या कमी पडायला लागल्या. आमच्या गणपतीच्या खुर्च्या सर दर शुक्रवारी गाडीच्या टपावर बांधून न्यायचे. आमच्या मंडळाचे अध्यक्ष कुरकुरायचे, पण खुर्च्या द्यायचे, कारण मंडपाचं लोखंडी काम सर फुकट तपासून देत.

सर आणि काकूंमध्ये वादाचा विषय एकच होता, आणि तो साधा नव्हता. सरांच्या श्रद्धेप्रमाणे नवरा-बायकोचं लग्न मरणापाशी संपतं. मंदिरात जाऊन दोघांना कायमचं जोडून घेतलं, तर ते पुढेही टिकतं, अनंतकाळ. काकू मॉर्मन नाहीत, म्हणजे त्यांना मंदिरात प्रवेश नाही, म्हणजे जोडणं नाही. म्हणजे सरांच्या हिशोबाने एक दिवस हे सगळं संपणार होतं. शुक्रवारची गाडी, काकूंचे टोमणे, सगळंच.

काकू वटपौर्णिमा करायच्या. दार्सैतच्या बाल्कनीत त्यांनी कुंडीत वड लावला होता. त्याला दोरा गुंडाळताना एका वर्षी मी होते. सर पेपर वाचत बसले होते.

"मी दर वर्षी सात जन्म मागून घेते," काकू दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "आणि यांना एकदम अनंतकाळ पाहिजे. होलसेलमध्ये."

"सात झाल्यावर काय करशील?" सर पेपरमागून म्हणाले.

"तोवर कंटाळा येईल हो दोघांना. आणि तुमच्या त्या अनंतकाळात चहा नाही ना? मग मी येऊन काय करू?"

मी हसले. सरही हसले, पण पेपर खाली घेतला नाही.

मग बातमी आली की दुबईला मंदिर होणार. आखातातल्या या लोकांना आजवर विमानाने कुठल्या कुठे जावं लागायचं, ते आता गाडीने जाऊन येण्याइतकं जवळ येणार होतं. सरांनी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना हलवा वाटला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. मी विचारलं.

"तू विचारलंस म्हणून सांगतो," म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा विचारल्यापेक्षा जास्त बोलले. मंदिर बांधून झालं की पवित्र करण्याआधी काही आठवडे ते सगळ्यांसाठी उघडं ठेवतात. कोणीही यावं, कुठल्याही धर्माचं, आत फिरून बघावं. एकदा पवित्र झालं की दार बंद, मग फक्त त्यांच्यातल्या पात्र माणसांनाच आत जाता येतं. "तेवढ्या दिवसांत तिला नेऊन आणणार. तिने एकदा आतून बघितलं, की..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. इंजिनियर माणूस, बांधकामावर त्याचा फार भरवसा. भिंती पाहिल्या की काकू हो म्हणतील, असं त्यांना वाटत होतं.

पण तिकडे वीट लागायच्या आत काकूंचं दुखणं निघालं. पोटाचं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि डॉक्टरांनी सरांना केबिनमध्ये बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. काकूंना कोणी काही सांगितलं नाही, पण त्यांना सगळं माहीत होतं.

सरांच्या मंडळींनी त्या दिवसांत जे केलं, ते मी विसरणार नाही. एक फिलिपिनो नर्स ड्यूटी संपवून रोज यायची, काकूंचे पाय चेपायची. तिने एकदा सरांना बाल्कनीत हळूच सांगितलं, की तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या गेल्यावर वर्षभराने तुम्ही त्यांचं नाव मंदिरात देऊ शकता, नवरा म्हणून तो हक्क तुमचाच आहे. मान्य करायचं की नाही, ते त्या तिकडे ठरवतील.

नर्स घरी गेल्यावर सर मला म्हणाले, "तिचं म्हणणं बरोबर आहे. नियमात बसतं."

"मग?"

"पणजीला विचारायची सोय नाही, म्हणून तिचं नाव न विचारता देतो. हिला विचारायची सोय आहे. अजून आहे. ती हो म्हणाली तर देईन. तिने हो म्हटल्याशिवाय हिच्या नावाने मी काही करणार नाही."

"मग विचारा ना."

"विचारतो," सर म्हणाले. पण रोज सकाळ व्हायची, रोज संध्याकाळ व्हायची, आणि सर विचारत नव्हते. मला त्यांचा राग यायचा. एवढा भांडकुदळ माणूस, कॉन्ट्रॅक्टरला भर साइटवर झापणारा, आणि बायकोला एक प्रश्न विचारता येत नाही! नंतर कळलं, की त्यांना प्रश्नाची भीती नव्हती. नकाराची होती. नकार आला तर त्यांच्या लेखी तो कायमचा होता.

काकूंना थोडं बरं वाटलं तेव्हा त्यांनी समुद्र मागितला. मस्कतचा नाही, होड्या ओढून ठेवलेला, मासळीच्या वासाचा, गुहागरसारखा. किनाऱ्यावरच्या सहम गावात सरांच्या ओळखीचे एक दुकानदार होते, रत्नागिरीकडचे मुसलमान, वर्षानुवर्षं तिथेच स्थायिक. त्यांच्या गोदामाचं डिझाइन सरांनी केलं होतं. सरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मी चालवली. थंडीचे दिवस होते. दुकानदारांनी किनाऱ्यावर प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि काकूंना म्हणाले, "वैनी, आरामात बसा. जेवल्याशिवाय जाव देणार नाय."

काकू खुर्चीत बसल्या, समुद्राकडे बघत. सर थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग गाडीपाशी गेले आणि डिकीतून टेप आणि सुतळी घेऊन आले. या दोन वस्तू त्यांच्या डिकीत कायम असायच्या, लग्नाला जाताना सुद्धा.

घर बांधायचं म्हटलं की खोदाईच्या आधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून लाइनआउट देतात. कुठे भिंत, कुठे दार, ते पांढऱ्या रेघांनी आखतात. मग घरमालक सहकुटुंब येतात आणि त्या रेघांमध्ये हिंडतात. ही बैठकीची खोली, हे देवघर, इथे फ्रिज. नुसत्या जमिनीवर उभं राहून भांडतातसुद्धा, खिडकी कुठे हवी म्हणून. सरांनी जन्मभर लोकांना असे लाइनआउट दिले. त्या दिवशी त्यांनी ओल्या वाळूवर खजुराच्या झावळीच्या देठाने स्वतःचा दिला. सुतळीचं एक टोक मला धरायला लावलं. टेपने तीन-चार-पाच मोजून काटकोन काढला. वाळूवरच्या चित्राला काटकोन कशाला, असं माझ्या मनात आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी सुतळी ताणून धरली.

दुकानदार लांबून ओरडले, "काय साहेब, हितं घर बांधताव काय?"

"बघू," सर म्हणाले. मग काकूंसमोर येऊन उभे राहिले. "चल. तुला मंदिर दाखवतो. दुबईचं कसं होणार ते मला माहीत नाही. मी पाहिलं ते दाखवतो. लोकांना दाखवतात तेवढंच हां, जास्त नाही. आणि हे सगळं नुसतं दाखवण्यापुरतं. इथे काही होत नाही, याला काही अर्थ नाही."

"कळलं हो," काकू म्हणाल्या. "हात द्या."

दोघं निघाले. मी मागे खुर्ची घेऊन, काकू थकल्या तर असावी म्हणून. काकू रेघ ओलांडत नव्हत्या. सरांनी दार म्हणून मोकळी सोडलेली जागा बघून तिथूनच आत जात होत्या, आणि प्रत्येक दारात पाऊल जरा उचलून टाकत होत्या, उंबरठा असल्यासारखं.

"दारात कार्ड बघतात, आपण पात्र असल्याचं. मग इथे कपडे बदलायचे. सगळ्यांना पांढरे. मालक-नोकर सगळे सारखे दिसतात."

"हे बरंय."

"इथे खाली मोठं कुंड. दगडाच्या बारा बैलांच्या पाठीवर."

"बैल?" काकू थांबल्या. "देवळात बैल म्हणजे नंदीच की! आणि बारा? एकात भागत नाही तुमचं?"

सरांना हसू आलं. खूप दिवसांनी आलं. पुढे एक मोठी खोली होती, तिथे कोणी बोलत नाही, नुसतं शांत बसतात, म्हणाले. मग शेवटची, लहानशी. मध्ये एक ठेंगणा ओटा असतो, दोघं दोन बाजूंना गुडघे टेकून एकमेकांचा हात धरतात. समोरासमोर दोन आरसे असतात, आणि त्यांत बघितलं की दोघंच दोघं दिसत राहतात, त्याला शेवट नसतो. एवढं सांगून ते काकूंकडे बघत राहिले. मला कळलं की आता ते विचारणार. मी खुर्ची खाली ठेवली आणि समुद्राकडे तोंड केलं.

त्यांनी विचारलं नाही.

काकूच म्हणाल्या, "आणि मघाशी दारात कार्ड बघतात म्हणालात. ज्यांच्याकडे कार्ड नाही, ते कुठे बसतात?"

"म्हणजे?"

"अहो, कोणाची तरी आई असेल, बायको असेल. लांबून येणार. त्या माणसांची बसायची खोली कुठे काढलीत?"

सर दाराकडे वळून बघायला लागले. "असते," म्हणाले. "वेटिंग रूम असते. दाराशेजारी." मग रेघांकडे बघत, "राहिली माझ्याकडून."

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधलं राहिलेलं टॉयलेट नि राहिलेला जिना शोधून काढणारा माणूस. पण ती खोली त्यांच्या लक्षात येणारच नव्हती. त्यांनी मनात आखलेल्या मंदिरात काकू आत होत्या.

काकू आल्या तशाच, एकेक दार पार करत बाहेर गेल्या. मला खूण केली. मी मुख्य दाराच्या बाजूला, भिंतीच्या रेघेला लागून खुर्ची ठेवली. त्या बसल्या, पदर सारखा केला.

सर आले आणि वाकले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी खाली बसले आणि देठाने खुर्चीभोवती रेघ ओढायला लागले. टेप नाही, काटकोन नाही. रेघ वाकडी जात होती.

"माझं नाव नका देऊ हं," काकू म्हणाल्या. भाजीत मीठ बेताने घाला म्हणावं, इतक्या सहज. "मला परत जन्माला यायचंय. माझं तसंच ठरलंय. पण तुमचं आतलं सगळं होईपर्यंत मी इथे बसेन. तुम्ही घाई करू नका."

"बरं," सर म्हणाले.

ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, मला कुठे बघावं कळेना. त्यांनी रेघ पुरी केली. खोली झाली. आता ती मंदिराला चिकटलेली होती, मधे एकच भिंत.

"इकडून आत बघायला दार तेवढं ठेवा," काकू म्हणाल्या.

दाराला तीन फूट पुरतात, हे सरांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ते वाळूत गुडघ्यांवर पुढे सरकले, तळहाताने मधली रेघ पुसायला लागले आणि पुसतच गेले, भिंत संपेपर्यंत.